सांगलीला परत आलो, पगार कमी घेऊन. हिशेब बरोबर आहे का?

इर्विन पूल

अकरा वर्षं वेब डेव्हलपर आहे. त्यातली नऊ पुण्यात, शेवटची सहा हिंजवडी फेज ३ ला. मागच्या महिन्यात नोकरी बदलली आणि त्याच महिन्यात वाकडचं बिऱ्हाड हलवून विश्रामबागला आई-वडिलांच्या घरी राहायला आलो. बायको आणि सहा वर्षांची मुलगी सोबत. नवी कंपनी छोटी आहे, चाळीसेक माणसांची. ऑफिस हैदराबादला, माझं काम पूर्णपणे घरून. ऑफर देताना एचआरने स्पष्ट सांगितलं की पुण्यात राहणार असाल तर हा आकडा, सांगलीत राहणार असाल तर हा. मी दुसरा घेतला.

कारण वडील. दीड वर्ष त्यांचं डायलिसिस चालू आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास. आई रिक्षाने न्यायची आणि आणायची. एका बुधवारी घरी आल्यावर फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशनने शीर जोडलेल्या, हातातून, सुई काढलेल्या जागेवरून, रक्त यायला लागलं आणि थांबेना. आई एका हाताने ती जागा दाबून धरून दुसऱ्या हाताने मला फोन लावत होती. मी स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये होतो, फोन सायलेंटवर. तीन मिस्ड कॉल. मी फोन केला तोवर शेजारच्या काकांनी वडिलांना परत दवाखान्यात नेलं होतं. त्या रात्री स्वारगेटहून एसटी पकडली. पेठ नाका गेला तेव्हा पहाटेचे साडेतीन झाले होते, आणि तिथेच ठरवलं की हे असं चालणार नाही.

आता हिशेब. पुण्यात हातात येणारा पगार १,३२,००० होता, आता १,०८,०००. म्हणजे महिन्याला २४,००० कमी. वाकडचं भाडं ३२,०००, ऑफिसला जाण्या-येण्याचं पेट्रोल ६,०००, महिन्यातून दोनदा सांगलीची फेरी ५,०००. हे ४३,००० वाचले. इथे दोन कंपन्यांचं नेट आणि इन्व्हर्टरचा हप्ता मिळून ३,००० वाढले. म्हणजे ४०,००० ची बचत, २४,००० ची तूट, महिन्याला १६,००० शिल्लक.

माझं म्हणणं असं आहे की ज्याच्या कामाला लॅपटॉप आणि नेट एवढंच लागतं, त्याने आई-वडील अंथरुणाला खिळायची वाट बघू नये. थोडा पगार सोडावा लागला तर सोडावा. पुण्यातले मित्र म्हणतात, भरात येऊन करिअरचा घात केलास. तुम्हाला काय वाटतं? विरोधातलं मत असेल तर जरूर सांगा.

सिल्क बोर्ड

वडिलांच्या तब्येतीला आराम पडो. तुम्ही परत गेलात याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पगाराच्या बाबतीत मी पूर्णपणे विरोधात आहे.

तुमचा कोड सांगलीतून आला म्हणून कंपनी ग्राहकाचं बिल कमी करणार आहे का? बाकीच्यांच्या कोडमध्येच मिसळणार, ग्राहक वापरतात त्याच सिस्टिमवर चालणार. मग १८ टक्के कुणी खाल्ले? शहराप्रमाणे पगार ठरवणाऱ्या मोठ्या कंपन्या आहेत हे मान्य. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीने तर त्याबाबतचा हिशेब उघड छापला होता. पण रेडिटने २०२० मध्ये अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी ठिकाणावर ठरणारे पगाराचे टप्पे काढूनच टाकले. म्हणजे हा काही निसर्गनियम नाही, तो समोरच्याने केलेला भाव आहे आणि तुम्ही तो न बोलता मान्य केलात.

दुसरं म्हणजे, २४,००० हा आकडा तिथेच थांबत नाही. पुढची वाढ या कमी पगारावर टक्क्यांनी मिळणार. पीएफ मूळ पगारावर, तो कमी. तीन वर्षांनी नोकरी बदलायला जाल तेव्हा पहिला प्रश्न येईल, सध्याचा पगार किती? वहीत एक महिना मांडून उपयोग नाही, दहा वर्षं मांडा.

इर्विन पूल

पीएफचा मुद्दा खरंच सुटला होता माझ्याकडून. भाव केला नाही हेही खरं. त्या आठवड्यात वडील दवाखान्यात होते आणि हातात एकच ऑफर होती. वर्षानंतर पुण्याच्या स्केलने विचार करू असं मॅनेजर तोंडी बोलले आहेत.

सिल्क बोर्ड

मेलवर घ्या. आजच. बोलणं झाल्याचा उल्लेख करून चार ओळींचा मेल टाका आणि त्यावर "हो" असं उत्तर येऊ द्या. तोंडी बोललेला मॅनेजर वर्षभरात बदललेला असतो.

वाशिष्ठी

मी हे करून बघितलंय, म्हणून लिहितो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याची खोली सोडून चिपळूणला घरी आलो. पहिले सहा महिने सुखाचे गेले. दुपारी आईच्या हातचं जेवण, संध्याकाळी नदीवर फेरी. सगळे म्हणायचे, तुझं बरं आहे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी पहाटे बाजारपेठेत शिरलं. आमच्या तळमजल्यावर छातीएवढं होतं. लॅपटॉप माळ्यावर टाकला म्हणून वाचला, पण वीज नाही, टॉवर बंद, पिण्याचं पाणी विकत. चौथ्या दिवशी कुणाच्या तरी गाडीतून रेंज असलेल्या ठिकाणी जाऊन ऑफिसला फोन केला, तर पहिलं वाक्य ऐकलं, "रिलीज अडकलंय, तू कुठे आहेस?" घरातला चिखल काढायला दहा दिवस सुट्टी मागितली, पाच मिळाली. पुण्यात राहणारा माणूस आजारी पडला की टीम सांभाळून घेते. लांबचा माणूस गायब झाला की त्याच्यावर भरवसा नाही असं ठरतं. मी हे अनुभवलं.

पण मी परत गेलो ते पुरामुळे नाही. माझं शिकणं बंद पडलं होतं म्हणून गेलो. दोन वर्षं अँग्युलरजेएस या गूगलच्या जुन्या वेब फ्रेमवर्कमधल्या एकाच डॅशबोर्डवर दुरुस्त्या करत बसलो. २०२१ संपताना गूगलने त्याचा सपोर्टही थांबवला, तरी मी त्यातच. नवीन काम निघालं की ते डोळ्यांसमोर बसलेल्या मुलांना मिळायचं. मुद्दाम कुणी करत नव्हतं. चहाला उठताना विषय निघतो आणि काम वाटलं जातं, त्या चहाला मी नसायचो. तुमच्या गाठीला अकरा वर्षं आहेत म्हणून चार वर्षं निभेल. पंधराव्या वर्षी तुमच्याकडे कुणी काय शिकायला येईल, ते आजच बघा.

सांगलीत पूर नवा नाही, तुम्हाला माहीतच आहे. २०१९ ला इर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५.

इर्विन पूल

आमचं घर उंचावर आहे, २०१९ ला पाणी आलं नव्हतं. पण वीज गेली होती आणि गावाबाहेर जायचे रस्ते बंद होते, आणि डायलिसिसचा रुग्ण आठ दिवस थांबू शकत नाही. तेव्हा वडील ठणठणीत होते, म्हणून हा विचार कधी केलाच नव्हता. पूर आला तर मिरजेच्या बाजूला कुठे सोय होईल, याची चौकशी उद्याच करतो. शिकण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

माइन नदी

मी फ्रँकफर्टला. वडील कराडला, २०२१ च्या मे महिन्यात गेले. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तुमचे २४,००० जाऊ द्या. मी अर्धा पगार सोडला असता.

मिरज जंक्शन

मी कधी गेलोच नाही, त्यामुळे माझं जरा वेगळं ऐका. चौदा वर्षं मिरजेत वेबसाइटचं काम करतो. दवाखाने, हळदीचे अडते, द्राक्षवाले, दोन शाळा. सहा पोरं कामाला आहेत. हिंजवडीच्या पगाराचं नाव काढलं तर आमच्या इथे कुणाला झोप येणार नाही.

तुम्ही आलात ते चांगलंच केलंत. पण "पगार सोडला" हे आमच्यापुढे म्हणू नका. १,०८,००० घेणारा डेव्हलपर इथे सापडायचा नाही. सांगलीला वालचंद कॉलेज १९४७ पासून आहे, दर वर्षी शेकड्यांनी इंजिनिअर बाहेर पडतात आणि थेट पुण्याची गाडी धरतात. आमच्याकडे जी पोरं राहतात ती घरच्या अडचणीमुळे राहतात. हुशार असतात, पण त्यांचा कोड बघून "हे असं का केलंस" असं विचारणारं कुणी नसतं. मी स्वतःच वर्डप्रेसवर शिकलेला, मी काय सांगणार? वाशिष्ठी म्हणतात ती चहाची गोष्ट आमच्या पोरांना कधीच मिळालेली नाही.

शनिवारी दुपारी दोन तास या. पैसे देईन. पोरांच्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासायला टाकलेला कोड, बघा, चांगलं चार शब्द बोला, चुकलं तर झाडा. शिकवायला लागलं की आपलंही शिकणं चालू राहतं, असा माझा तरी अनुभव आहे.

रिग्रेशन

सगळं वाचलं. इर्विन पूल, राग मानू नका, पण तुमच्या हिशेबात एक माणूस नाही.

मी टेस्टर होते, पुण्यात, सात वर्षं. नवऱ्याला घरून काम मिळालं आणि आम्ही त्याच्या गावी, लातूरजवळ, आलो. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. सहा महिन्यांसाठी म्हणून आलो होतो, तीन वर्षं झाली. माझ्या ऑफिसने घरून काम द्यायला नकार दिला. नवरा दार लावून वरच्या खोलीत बसतो, त्याची मीटिंग असते. दार वाजलं की मी उघडायचं, औषधं मी द्यायची, पाहुण्यांचा चहा मी करायचा. तो घरी परत आला. मी आले ती सासरी. माझं घर नाशिकला आहे आणि तिथे माझी आईही साठीच्या पुढे आहे.

माइन नदी, तुमचं दुःख मी समजू शकते. पण अर्धा पगार सोडला असता म्हणताना तो एकट्याचाच असतो का, एवढं विचारावंसं वाटलं.

इर्विन पूल, तुमच्या बायकोबद्दल तुम्ही "सोबत" हा एकच शब्द लिहिलाय. त्या पुण्यात काय करत होत्या? आता काय करतात? आणि पेठ नाका गेल्यावर तुम्ही ठरवलंत तेव्हा त्या कुठे होत्या?

सिल्क बोर्ड

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. दहा वर्षांचा हिशेब मांडा म्हणालो, पण मीही तो एकाच पगाराचा धरून चाललो होतो.

मिरज जंक्शन

ताई, लातूरला असाल तरी टेस्टिंगचं काम आहे आमच्याकडे. पुण्याचा पगार नाही परवडणार, पण दवाखान्यांची अपॉइंटमेंटची सॉफ्टवेअर आहेत, ती तपासायला माणूस नाही. दिवसाला चार तास. संपर्काच्या खिडकीत लिहा.

रिग्रेशन

लिहिते. चार तास दार लावून बसायची सोय आधी घरात करून घेते, मग.

इर्विन पूल

उत्तर द्यायला तीन दिवस लागले, कारण उत्तर माझ्याकडे नव्हतं, तिच्याकडे होतं.

ती लॅब टेक्निशियन आहे. पुण्यात ३८,००० मिळायचे. मिरजेत एवढे दवाखाने आहेत की काम लगेच मिळेल असं मी धरून चाललो होतो, आणि मिळालंही. पगार २१,०००. सकाळी सातला सॅम्पल घ्यायला हजर राहायचं. म्हणजे महिन्याला १७,००० कमी. माझ्या वहीत १६,००० शिल्लक दाखवली होती. तिचा रकाना घातल्यावर एक हजार तूट येते.

पेठ नाका गेला तेव्हा ती वाकडला होती, मुलीला ताप होता. मी सकाळी फोन करून "आपण सांगलीला जातोय" असं सांगितलं होतं. तिने आठवण करून दिली, मला आठवत नव्हतं. तिचा विरोध होता का, असं विचारलं. म्हणाली, "बाबांसाठी मीही हो म्हटलंच असतं. तुम्ही विचारलं असतंत तर." यावर मी फार काही बोलू शकलो नाही.

आम्ही इथेच राहणार आहोत. वडील या आठवड्यात स्वतः फाटकापर्यंत चालत आले, आणि गेला महिनाभर आई दुपारी झोपते आहे. पण सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिसला मी नेतो, आणि ते चार तास कॅलेंडरवर सगळ्यांना दिसतील असे लाल करून टाकले आहेत. मॅनेजरना पगाराचा मेल पाठवला, त्यात हेही लिहिलं. पगाराचं उत्तर अजून नाही. तासांना "चालेल" म्हणाले. सकाळी मुलीचा डबा आणि शाळेची रिक्षा माझ्याकडे. मिरजेत एका मोठ्या लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीची जागा निघाली आहे, त्यासाठी तिला सहा महिन्यांचा कोर्स करावा लागेल, संध्याकाळचा. तिने फॉर्म आणलाय.

मिरज जंक्शन, हा शनिवार नको. तिला कोर्सच्या परीक्षेची चौकशी करायला जायचंय, मुलगी माझ्याजवळ असेल. पुढच्या शनिवारी दोनला येतो. पोरांना सांगा, एकेक पुल रिक्वेस्ट उघडी ठेवा.