जुनी पिकअप गरम झाली की बंद पडते, कॉइल बदलू का?

पिकअपवेडा
नमस्कार मंडळी. १९६५ ची शेवरोले सी-१० आहे, २३० क्यूबिक इंचाचं सहा सिलिंडर इंजिन, इग्निशन अजून ओरिजिनल पॉइंटवालंच (पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला उघड-मिट होणारा स्विच, तो कॉइलचा करंट तोडतो तेव्हा स्पार्क पडतो). थंड असताना अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते, आयडलिंगला एकदम मस्त, पण वीस-पंचवीस मिनिटं चालवली की आधी चढावर मिसिंग सुरू होतं आणि मग झटके मारत बंदच पडते. बोनेट उघडून अर्धा तास थांबलं की परत सुरू, जसं काही झालंच नाही. प्लग, प्लग वायरी, कॅप, रोटर, पॉइंट, कंडेन्सर सगळं नवीन टाकलं, थोडे दिवस बरी चालली आणि परत तेच. आता कॅप उघडली तर नवीन पॉइंट निळे-काळे पडलेत. चावी ऑन करून कॉइलच्या प्लसवर मीटर लावला तर १२.४ व्होल्ट येतात, म्हणजे वायरिंग ठीकच आहे. कॉइल गेली समजू का?

चोकवाला
इग्निशनच आहे हे नक्की केलंय का? गरम झाल्यावर बंद पडणं हे व्हेपर लॉकचं पण लक्षण असतं, पेट्रोल पंपात नाहीतर लाइनमध्येच उकळतं आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच एअर क्लीनर काढा आणि इंजिन बंद ठेवूनच हाताने थ्रॉटल दाबून आत बघा. पेट्रोलची पिचकारी आली तर पेट्रोलचा विषय तिथेच संपला. नाही आली तर पॉइंट-बिइंट राहू द्या बाजूला.

जुना_स्पॅनर
चोकवाले बरोबर बोलतायत, ते आधी करा. पण पॉइंट निळे झालेत ना, पेट्रोलने पॉइंट जळत नाहीत हो. कंडेन्सर खराब असेल तर एका पॉइंटला खड्डा पडतो आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा येतो. सगळा पॉइंट निळा म्हणजे एकतर त्याच्यावर तेल-ग्रीस गेलंय किंवा करंट जास्त जातोय.

आणि ते १२.४ व्होल्ट कधी मोजलेत? पॉइंट उघडे होते की मिटलेले? सगळी मेख इथेच आहे. पॉइंट उघडे असतील तर सर्किटमधून करंटच जात नाही, करंट नाही म्हणजे रेझिस्टन्सवर व्होल्टेज पडत नाही, त्यामुळे मीटर बॅटरीचंच व्होल्टेज दाखवणार, वायरिंग चांगलं असो नाहीतर वाईट. या गाड्यांमध्ये इग्निशन स्विचपासून कॉइलपर्यंत साधी वायर नसते, रेझिस्टन्स वायर असते, साधारण १.८ ओहमची, बाहेरून कापडी आवरण असतं. चालू गाडीत कॉइलला पूर्ण बारा व्होल्ट मिळू नयेत म्हणून ती घातलेली. सेल्फ मारताना बॅटरी खाली बसते, तेवढ्यापुरता सोलेनॉइडच्या (सेल्फवरचा मोठा स्विच) आर टर्मिनलवरून दुसऱ्या वायरने कॉइलला थेट सप्लाय जातो.

आता असं करा. चावी ऑन, कॉइलच्या मायनसपासून एक वायर इंजिनच्या बॉडीला लावा, म्हणजे पॉइंट मिटल्यासारखंच झालं, आणि प्लसवर मोजा. पाच-सात व्होल्टच्या आसपास आले तर रेझिस्टन्स जागेवर आहे. बॅटरीइतकेच आले तर कोणीतरी ती वायर काढून साधी टाकलीये. पटकन मोजा आणि चावी बंद करा, उगाच कॉइल तापवू नका. मग दोन्ही वायरी काढून कॉइलच्या प्लस-मायनसमधला रेझिस्टन्स पण बघा, दीड ओहमची आहे की तीनची.

नो_पॉइंट्स
एवढी डोकेफोड कशाला, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाका आणि मोकळे व्हा. पॉइंटचं युग संपलं राव.

जुना_स्पॅनर
@नो_पॉइंट्स टाकतील ना, पण सप्लाय कसा येतोय ते न बघता टाकलं तर पॉइंटऐवजी मॉड्यूल जळेल, आणि मॉड्यूल पोलिश पेपरने घासून घरी पोहोचता येत नाही 😄

पिकअपवेडा
आज परत बंद पाडली मुद्दाम. थ्रॉटल दाबल्यावर पेट्रोलची पिचकारी जोरात येते. स्पार्क बघितला तर बारीक, पिवळट, मध्येच गायब. कॉइलला हात लावला तर चटका बसला. मायनस बॉडीला लावून प्लसवर ११.६ आले!! कॉइल गार झाल्यावर १.५ ओहम दाखवते. मग फायरवॉलच्या कनेक्टरपासून वायर शोधत गेलो तर टेपच्या खाली साधी लाल प्लॅस्टिकची वायर निघाली, आधीच्या मालकाच्या काळातली असणार. आता सरळ ३ ओहमची कॉइल टाकू की रेझिस्टर?

जुना_स्पॅनर
सापडलं की मग. हिशोब बघा, दीड ओहमवर बारा व्होल्ट म्हणजे पॉइंट मिटलेले असताना आठ अँपिअरच्या आसपास, रेझिस्टन्स वायर असती तर चारच्या आतच राहिला असता. कॉइल तापणार, पॉइंट जळणार. आणि चढावर आधी मिसिंग का, तर लोडवर सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, तिथे स्पार्क पाडायला व्होल्टेज जास्त लागतं, तापलेली कॉइल तिथे पहिली मान टाकते.

तीनवाली पण चालेल, मग साधी वायर तशीच राहू दे. पण थंडीत सेल्फच्या वेळचा तो जास्तीचा जोर जाईल, म्हणून मी तरी रेझिस्टर लावेन. दीड ओहमच्या आसपासचा सिरॅमिकचा घ्या, फायरवॉलवर पत्र्याला बसवा, चांगलाच तापतो त्यामुळे वायरींपासून लांब. स्विचची वायर रेझिस्टरच्या एका टोकाला, दुसरं टोक कॉइल प्लसला, आणि आर टर्मिनलची वायर थेट कॉइल प्लसवर. ती जर चुकून स्विचच्या बाजूला जोडली तर बायपासचा उपयोग शून्य.

कॉइल मात्र नवीन टाकाच, इतकी भाजलेली आतून कधी शॉर्ट होईल भरवसा नाही. पॉइंट पण नवे, गॅप १९ थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ), ड्वेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहतात तेवढा कोन, मोजायचा मीटर असेल तर ३१ ते ३४ अंशांमध्ये ठेवा, आणि कॅमवर ग्रीस अगदी नखभर. ड्वेल झाल्यावरच टायमिंग, उलटं केलं तर दोनदा करावं लागतं.

चोकवाला
आणि काढलेला कंडेन्सर फेकू नका, चांगला असेल तर डॅशबोर्डमध्ये टाकून ठेवा. नवीन मिळणारे कधीकधी डब्यातूनच मेलेले निघतात.