मदत हवी आहे : १९ गिटारी, पावसाळा आणि बारातारीचा उचकटलेला ब्रिज (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

घर शाहूपुरीत, शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप, वय ५१, गिटारी १९. यातला शेवटचा आकडा घरात कुणाला नक्की माहीत नाही. सौ. तेरा धरून चालते, कारण पलंगाखालच्या केसेस ती मोजत नाही. आपण गप्प बसायचं.

पहिली गिटार १९९४ साली घेतली, कलकत्त्याची गिवसन. कॉलेजच्या गॅदरिंगला दोन गाणी वाजवायची एवढाच बेत होता. मग यामाहाची एफ ३१०, मग एक इलेक्ट्रिक, आणि तिथून नाद लागला तो लागलाच. आजचा हिशेब असा: स्टीलच्या तारांच्या अकौस्टिक आठ (त्यातल्या तिघींचा टॉप, म्हणजे पुढची फळी, सॉलिड म्हणजे एकसंध लाकडाची, बाकी प्लायच्या), नायलॉनच्या दोन, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची एक जुनी हवाईयन, एक बारातारी, सहा इलेक्ट्रिक आणि एक बेस. पहिल्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली आहे. निम्म्या भिंतीवर टांगलेल्या, निम्म्या केसमध्ये.

आता अडचण. गेल्या रविवारी बारातारी खाली काढली. जूनपासून हात लावला नव्हता, ही माझी चूक. केस उघडली तर आत कुबट वास, पट्ट्याच्या चामड्यावर पांढरी बुरशी, आणि तारा फ्रेटबोर्डपासून इतक्या वर की बारचा कॉर्ड धरताना बोटाला घाम फुटला. बाराव्या फ्रेटवर मोजलं तर साधारण दीड सूत! (आमच्या शॉपमध्ये अजून सुतात बोलतात. दीड सूत म्हणजे पावणेपाच मिमी. ही माझ्याकडे अडीचवर सेट केलेली होती.) मला वाटलं मान वाकली. फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घेऊन बसलो. पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर तार दाबून सातव्यावर फट बघितली तर पाव मिमी, म्हणजे मान बरोबर आहे. मग पोटाकडे वळलो. ब्रिजच्या (टॉपवर चिकटवलेली, तारा अडकवायची लाकडी पट्टी) मागे स्टीलची पट्टी आडवी ठेवली तर दोन्ही बाजूंनी उजेड दिसतोय, टॉप फुगलाय. आणि ब्रिजच्या मागच्या कडेखाली फीलर गेजचं ०.३० चं पान चार मिमी सरळ आत गेलं. तिथं मी थांबलो.

खोलीतला हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजणारा) ८८ टक्के दाखवतोय. खिडकी पश्चिमेला, पाऊस थेट तिकडूनच येतो.

विचारायचंय ते असं. सगळी खोलीच कोरडी करावी, का एकेक केस सिलिका टाकून सांभाळावी? एसी आहे, पण तो लावून फारसा फरक पडत नाही, का ते कळत नाही. पावसाळ्यात तारा सैल करून ठेवाव्यात का? एकजण म्हणतो पूर्ण सोडा, दुसरा म्हणतो सोडल्यास तर मान गेली. बारातारीचा ब्रिज कुठं द्यावा? मिरज तासाभराच्या अंतरावर आहे, सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या वाद्यं करणारी माणसं बसलीत, त्यांना दाखवू का? की पुण्यालाच न्यावी? आधी एकदा एका दुकानात दुसरी गिटार दिली होती, त्यांनी ब्रिजखाली फेविक्विक ओतून परत दिली. ती आठवण अजून जात नाही, म्हणून भीती वाटते.

आणि एक प्रामाणिक प्रश्न. १९ गिटारी वाजत्या ठेवणारे इथं कुणी आहेत का? मला आठवड्यात दोन-अडीच तास मिळतात. तारांचे सगळे सेट एकदम बदलायचे म्हटले तर पंधराएक हजार जातात. कसं जमवता?

तळमजल्यावर काही ठेवत नाही, हे आधीच सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी गल्लीत शिरलं तेव्हा अकरा गिटारी टेम्पोत घालून राजारामपुरीत बहिणीकडे नेल्या होत्या. तेव्हापासून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर गेली, म्हणजे इशारा आला, की मी केसेस बांधायला घेतो. ४३ ची, म्हणजे धोक्याच्या पातळीची, वाट बघत नाही.

—

प्रतिसाद : कोकणकडा

दादा, आधी बारातारीच्या तारा उतरवा. आत्ता, हा प्रतिसाद वाचता वाचता. बारा तारांचा मिळून ताण शंभर किलोच्या वर असतो आणि तो सगळा त्या ब्रिजवर येतो. कड सुटायला लागली की दर दिवशी थोडी थोडी सुटते, आणि एके रात्री ठाप्‌कन आवाज होतो. सोबत टॉपच्या सालपट्या घेऊन ब्रिज निघतो. माझी एक अशीच गेली. तारा उतरवून ठेवा, कडेत काही ओतू नका, दाबून बसवू नका.

तुमचं निदान बरोबर आहे. लाकूड दमट हवा पितं आणि आडव्या अंगाने फुगतं. टॉप कडेने सगळीकडून बांधलेला, त्याला जायला जागा एकच, वर. म्हणून ब्रिज वर येतो, अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची) वाढते. उलट मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत टॉप बसतो, तारा खडखडायला लागतात आणि फ्रेटची टोकं बोटांना टोचतात. हे असं वर-खाली दरवर्षी चालू राहिलं की कधीतरी सांधा सुटतो. प्लायचा टॉप बराच सहन करतो, सॉलिड नाही करत. म्हणून तुमच्या तीन सॉलिडकडे आधी बघा, एफ ३१० ला काही होत नाही.

एसीचं कारण सोपं आहे. आपल्याकडे जुलैत खोलीचं तापमानच २४-२५ असतं. तुम्ही २४ ला लावला की कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, नुसता पंखा फिरतो. कॉम्प्रेसर चालल्याशिवाय पाणी निघत नाही. डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी ओढणारं मशीन) घ्या. दिवसाला दहा-बारा लिटर ओढणारा पुरतो एवढ्या खोलीला. खिडकी बंद, दाराखाली पट्टी. ४५ ते ५५ च्या मध्ये आणायचंय, पण ८८ वरून एका रात्रीत नको. आठवडाभर घ्या.

आणि हो, हायग्रोमीटरवर विश्वास ठेवण्याआधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी, चिखल व्हायला हवा, विरघळायला नको. झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवला पाहिजे. जेवढा फरक येईल तेवढा कायम वजा किंवा मिळवायचा. स्वस्तातले पाच-सहाने चुकतात.

—

प्रतिसाद : सहावीतार

कोकणकडांनी मुद्द्याचं सांगितलंच आहे. तारा सैल करण्याबद्दल माझं मत देतो.

पूर्ण सोडू नका (बारातारी सोडून, ती आजारी आहे). ट्रसरॉड, म्हणजे मानेच्या आतली लोखंडी सळई, तारांच्या ओढीविरुद्ध बसवलेला असतो. ओढच काढून घेतली की तो मानेला मागे खेचतो, आणि दोन महिन्यांनी तारा चढवल्या की सगळं सेटिंग परत. न वाजणाऱ्या गिटारी फक्त दोन फ्रेट खाली उतरवा, ई चा डी. ताण साधारण एक पंचमांशाने कमी होतो, मानेला मात्र काम राहतं. बारातारी दुरुस्त झाल्यावरही तशीच डी मध्येच ठेवा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून वाजवा, बरेच वाजवणारे तसंच करतात. बोटांनाही बरं पडतं.

ट्रसरॉडला हात लावायचा झालाच तर एका वेळी पाव वळसा, आणि मग रात्रभर थांबा. तुम्ही मशीनवाले, तुम्हाला घट्ट करायची सवय असणार, म्हणून सांगतो :)

एक गोष्ट कुणी बोललं नाही. भिंतीवरचे हँगर कसले आहेत? जुन्या पद्धतीचं नायट्रो (नायट्रोसेल्युलोज लाखेचं) फिनिश असलेली गिटार रबराच्या किंवा पीव्हीसीच्या गादीवर टांगली तर फिनिश मऊ पडून चिकटतं, काळा डाग कायमचा. पॉली (पॉलियुरेथेन, पॉलिएस्टर) फिनिशवाल्यांना तेवढा त्रास नाही. मी सगळ्या हँगरना जुन्या धोतराचं फडकं गुंडाळलंय. आणि टांगणं आतल्या भिंतीवर. पश्चिमेच्या भिंतीला ओल येते, ती थेट गिटारीच्या पाठीला लागते.

सिलिका जेल केसमध्ये टाकणार असाल तर नारंगी घ्या, ओलावा पिऊन हिरवं होतं ते. निळं घेऊ नका. त्यात कोबाल्ट असतं, आणि ते परत कोरडं करायला तापवावं लागतं. स्वयंपाकघरातली कढई त्यासाठी वापरलीत तर वहिनी तेराच्याही खाली आणतील आकडा.

—

प्रतिसाद : तंबोरा

मी सतार वाजवतो, गिटार नाही. मिरजेबद्दल विचारलंय म्हणून लिहितो.

ज्या गल्लीबद्दल बोलताय तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. त्यांच्या हाताबद्दल शंका नाही. पण काम कुठलं, हे बघून जा. हाडाचं काम त्यांच्याइतकं कुणी करणार नाही. जवारी काढणारा (सतारीचा झणझणता सूर जुळवणारा) माणूस घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या हाडावर, कानस फिरवतो तेव्हा केसाएवढा फरक त्याला कानाने कळतो. तुमच्या गिटारींचे प्लॅस्टिकचे नट आणि सॅडल (तारा दोन्ही टोकांना ज्यावर टेकतात त्या पट्ट्या) काढून हाडाचे करून घ्यायचे असतील तर डोळे मिटून जा. सरस लावून सांधा बसवणं हे तर त्यांचं रोजचंच.

फ्रेटचं मात्र वेगळं आहे. आमच्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येतात. ठोकून बसवलेल्या वीस-बावीस फ्रेट एका पातळीत घासणं हे त्यांचं रोजचं काम नव्हे. ट्रसरॉड सतारीला नसतोच. तेव्हा फ्रेटला पुणे, हाडाला मिरज. आणि ब्रिजला? गिटारीच्या पोटात पट्ट्यांची जाळी असते. ज्याने आधी गिटारी उघडून बघितल्यात अशालाच द्या. गल्लीत विचारा, "गिटार कोण करतं?" असं थेट. आपलं काम नसेल तर सरळ सांगतात, ही तिथली पद्धत मला आवडते.

—

प्रतिसाद : रंकाळ्याचा वारा

सरळ बोलू का? निम्म्या विका. न वाजलेली गिटार ही गिटार नाही, फर्निचर आहे. माझ्याकडे चौदा होत्या, आता पाच आहेत, आणि पाचही माझ्या बोटांना ओळखतात.

—

धागालेखकाचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार. दोन आठवड्यांनी लिहितोय, काय काय झालं ते सांगतो.

तारा त्याच रात्री उतरवल्या. मिठाची परीक्षा घेतली, आमचा हायग्रोमीटर ८१ दाखवत होता, म्हणजे सहाने जास्त. म्हणजे ८८ नव्हतं, ८२ होतं. तरी वाईटच. पण गेली चार वर्षं मी चुकीचा आकडा बघून घाबरत होतो, याचं जास्त वाईट वाटलं. शॉपमध्ये गेज कॅलिब्रेट केल्याशिवाय जॉब सोडत नाही मी.

डीह्युमिडिफायर आला. पहिल्या रात्रीत टाकीत साडेतीन लिटर पाणी. मी सौ.ला दाखवायला टाकी घेऊन खाली गेलो, एवढं पाणी हवेतून निघालं म्हणून. आता दुरुस्त आकड्याने ५६ वर आहे. सॉलिड टॉपवाल्या तिघींपैकी दोघींची अ‍ॅक्शन न हात लावता अर्ध्या मिमीने खाली आली. तिसरी जागची हलली नाही, तिच्याकडे नंतर बघतो.

मिरजेला गेलो. तंबोरा यांनी सांगितलं तसंच विचारलं. दोघांनी पुढच्या दुकानाकडे बोट दाखवलं. तिसऱ्या ठिकाणच्या चाचांनी आत आरसा घातला, हात घालून पट्ट्या चाचपल्या, बोटाने टॉपवर टकटक करून ऐकलं. म्हणाले, "पट्ट्या शाबूत हैत. पर लाकूड वलं हाय. आत्ता चिकटवलं तर सुकल्यावर परत सुटंल. पंधरा दिवस कोरड्यात ठेवा, मग आणा." पैसे घेतले नाहीत. येताना गिवसनला हाडाचा नट सांगून आलो. तीस वर्षांनी तिचा पहिला दागिना.

वाजवण्याचं असं ठरवलंय: महिन्याला चारच बाहेर, स्टँडवर, हाताच्या अंतरावर. बाकीच्या दोन फ्रेट खाली उतरवून केसमध्ये. महिना संपला की चार आत, चार बाहेर. आत जाताना तारा पुसायच्या, इलेक्ट्रिकचे सगळे नॉब दहा-दहा वेळा फिरवायचे म्हणजे खरखर धरत नाही. नवीन तारा फक्त बाहेर येणाऱ्यांना. रंकाळ्याचा वारा, तुमचं म्हणणं पटतंय, एक बेस आणि दोन प्लायच्या कुणा पोरांना देऊन टाकेन. पाचवर मी येणार नाही, उगीच आशा नको.

आता नवीन अडचण. शाहूपुरीत जुलैत एकच कोरडी खोली आहे, हे घरात सगळ्यांना कळलं. काल संध्याकाळी कारखान्यातून आलो तर खोलीत दोन दोऱ्या बांधलेल्या, त्यावर ओले टॉवेल, मुलाचे शाळेचे मोजे, आणि माझीच पँट, बरोबर बेसच्या डोक्यावर. हायग्रोमीटर ७१. मी काही बोलायच्या आत सौ. म्हणाली, "मशीन पाणी ओढतंय म्हणालात ना? मग ओढू दे की." आणि मग, "केसेस मोजल्या मी. एकोणीस."

तर मंडळी, बाथरूमशेजारच्या बोळात कपड्यांसाठी दुसरा छोटा डीह्युमिडिफायर कुणी लावलाय का? किती लिटरचा पुरतो? जरा लवकर सांगा.