१९५४ सालचा फेरफार ‘नष्ट केला असेल’ म्हणतात, मदत हवी आहे

नमस्कार. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यात, सीमेलगत. आजोबा आणि त्यांच्या भावांची वाटणी १९५४ साली झाली, आपला भाग मुंबई राज्यात होता तेव्हा. जुन्या हातानं लिहिलेल्या उताऱ्यावर त्या फेरफाराचा (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीचा) नंबर स्वच्छ वाचता येतो, मूळ नोंद मात्र मिळेना. कचेरीत चार खेपा झाल्या. आधी ‘शोधून ठेवतो’, मग ‘कॉम्प्युटरवर नाही’, आता ‘एवढं जुनं नष्ट केलं असेल’. लेखी काहीच देत नाहीत.

मला खटकतंय ते हे ‘असेल’. एका निवृत्त तलाठ्यांनी समजावलं की काम संपलेल्या फाइलीला वर्ग पडतो. ‘अ’ वर्ग कायम ठेवायचा. बाकीच्यांची मुदत संपली की यादी होते, वरिष्ठांची मंजुरी लागते, मगच नाश. म्हणजे आमचा कागद खरंच गेला असेल तर तो गेल्याचाही कागद हवा! शिवाय जमिनीच्या हक्काची नोंद नष्ट करायच्या वर्गात येईलच कशी?

चुलत्यांच्या मुलांशी अजून गोडीनं आहे, ते तसंच राहावं म्हणून ही धडपड. माहिती अधिकारात नेमकं काय मागू? कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, तेही कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत.

प्रतिसाद:
नक्कल मागू नका, ‘सापडत नाही’ एवढंच उत्तर येईल. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(जे) प्रमाणे दप्तर स्वतः तपासायचा हक्क आहे, गावच्या त्या वर्षांच्या फेरफार वह्या बघायला मागा. नाश केलेल्या कागदांची यादी आणि मंजुरीचा आदेश दुसऱ्या अर्जात. ‘सापडत नाही’ ही कायद्यातली सूट नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये शोध घेऊन जबाबदारी ठरवायला सांगितलंय. कर्नाटक सरकारच्या ‘भू सुरक्षा’ योजनेत जुनी दप्तरं स्कॅन होताहेत, तुमच्या गावचं झालं का तेही विचारा. पोटहिस्सा पडला असेल तर मोजणी खात्याकडेही कागद असू शकतात.

मूळ लेखक:
खूप आभार. दोन अर्ज वेगळे करायचं सुचलं नव्हतं. तपासणीला वडिलांना सोबत नेतो. नोंद मोडी लिपीत असली तर आम्हा दोघांनाही वाचता येणार नाही, पण वर्दीचा (फेरफार नोंदवायला दिलेल्या अर्जाचा) कागद जोडलेला असेल तर आजोबांची सही ते ओळखतील.