सातमाळेतला एकच राहिलाय: रवळ्यासाठी दोरवाले सोबती हवेत

मंडळी, मदत हवी आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सातमाळा डोंगररांगेतले सगळे किल्ले करायचे हे वेड कॉलेजपासूनचं. अचलापासून चांदवडपर्यंत एक सोडून सगळे उरकले. राजदेहेरची लोखंडी शिडी झाली, 1472 मीटरचा धोडप तर भर पावसात झाला. (परत करणार नाही!) अडलंय ते रवळ्या किल्ल्यावर. वरच्या कातळटप्प्याला दोर लागतो, आणि आमचा ग्रुप चिवडा-काकडीवाला.

आता गुडघे कुरकुरतात, त्यामुळे फुशारकी नाही. हार्नेस (दोराला बांधून घ्यायचा कमरपट्टा), हेल्मेट माझं आहे. पुढे चढून दोर लावणारं कुणी डिसेंबर-जानेवारीत जाणार असेल, तर मला घ्याल का? खर्च वाटून घेऊ. बाबापूरकडून, मुळाणे बारीतून (खिंडीतून) चढायचा विचार आहे. किल्ल्याखालच्या पठारावरच्या वस्तीत मुक्कामाची सोय होते का? आणि कातळावर जुने बोल्ट (दोर अडकवायला ठोकलेल्या खुंट्या) भरवशाचे आहेत का?