वाढीच्या वयातली लवचिकता

मुलं लवचिकच असतात, त्यांना योगाचं कुठलंही आसन चालतं, असं बरेच जण म्हणतात. अगदी लहानांबाबत बऱ्याच अंशी खरं. त्यांचं भुजंगासन म्हणजे साप होऊन फुत्कारणं, काही सेकंद टिकलं तरी पुष्कळ. पण मुलींची साधारण ११-१२ आणि मुलांची १३-१४च्या सुमारास उंची झपाट्याने वाढते, तेव्हा मांडीमागचे स्नायू आखडल्यासारखे होतात. कालपर्यंत पायाचे अंगठे धरणारा पोरगा पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, अडकतो. तो आळशी झालेला नसतो! पाठ दाबून वाकवू नका, गुडघे थोडे दुमडू द्या. ज्यांचे सांधे मुळातच सैल, त्यांना ताणापेक्षा वीरभद्रासनासारखी (उभं राहून एक गुडघा वाकवायचा) ताकदीची आसनं द्यावीत. शीर्षासन आणि कुंभक (श्वास रोखून धरणं) मात्र लहानांना नकोच. संथ श्वास पुरतो.