नदीसंवर्धनाच्या शिबिरात गळ कशासाठी?

कार्लाइलकर
आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाला या उन्हाळ्यात नदीसंवर्धन आणि फ्लाय फिशिंग (नकली किडा लावलेल्या गळाने मासे धरणे) एकत्र शिकवणाऱ्या निवासी शिबिराला जायचे आहे. नदी जपायला शिकवायचे आणि तिच्यातलाच मासा गळाला लावायचा, हे मला पटत नाही. सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यांना काय सांगू? कोणाची मुले गेली असल्यास कृपया अनुभव कळवावा.

ओढ्याकाठी
अशा शिबिरात मी तीन उन्हाळे स्वयंसेवक होतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी गळाची दांडी हाती मिळतच नसे. यलो ब्रीचेससारख्या, चुनखडीतल्या झऱ्यांवर पोसलेल्या थंड ओढ्यात मुले गुडघाभर पाण्यात उभी राहून दगड उलटत असत. एका मुलीला दगडाखाली वाळूचे कण चिकटवून केलेली अर्ध्या इंचाची नळी सापडली. ती काडी समजून फेकणार, एवढ्यात नळीतून सहा पाय बाहेर आले! ती कॅडिसफ्लाय नावाच्या किड्याची अळी होती. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या किड्यांच्या बहुतेक जातींच्या अळ्यांना स्वच्छ, प्राणवायू भरपूर असलेले पाणी लागते, म्हणून पांढऱ्या ट्रेमध्ये त्यांची मोजदाद केली की ओढ्याची प्रकृती समजते. जुन्या कोळसा खाणींच्या आम्लयुक्त पाण्याने तळ नारिंगी पडलेल्या ओढ्यात तोच ट्रे जवळपास रिकामा राहतो. ‘फ्लाय’ म्हणजे पिसे आणि दोरा गुंडाळून आकड्यावर बांधलेली नेमक्या याच किड्याची नक्कल. तो ओळखता आला नाही, तर मासाही लागत नाही.

चंद्रभागातीर
तरीही कार्लाइलकरांची शंका रास्त आहे, कारण गळाला लागलेला मासा पुन्हा पाण्यात सोडला, तरी त्याला इजा होतेच. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडी या डोहातील मासे देवीचे म्हणून कोणी धरत नाही. गळाशिवायही नदीशी नाते जुळते.

ओढ्याकाठी
मान्य. मात्र देवीचा धाक डोहापुरता असतो, वरच्या अंगाने येणारे सांडपाणी त्याने अडत नाही. मिशिगनमध्ये १९५९ साली ट्राउट अनलिमिटेड ही संस्था गळ टाकणाऱ्यांनीच नद्यांसाठी स्थापन केली. कार्लाइलकर, नाव नोंदवण्यापूर्वी एवढे विचारा: आकड्याचा उलटा काटा दाबून टाकतात का, हात ओले करूनच मासा धरतात का, आणि पाणी २० अंश सेल्सिअसवर गेल्यास मासेमारी थांबवतात का?

कार्लाइलकर
विचारले. तिन्हींना ‘होय’ असे उत्तर आले. गळ न टाकता केवळ किड्यांच्या गटात राहण्याचीही मुभा आहे. निर्णय मुलावर सोपवला आहे. सासूबाईंनी त्या नळीतल्या अळीचे छायाचित्र मागितले आहे.