प्रतिसाद: ‘विश्वेदेव’ म्हणजे विश्वाचे देव?

‘विश्वेदेव’ या वैदिक देवतांच्या नावाचा ‘विश्वाचे, म्हणजेच जगाचे देव’ असा विग्रह (शब्दाची फोड) एका चर्चेत दिला गेला; तो पटण्यासारखा नाही. वैदिक भाषेत ‘विश्व’चा मुख्य अर्थ ‘सर्व’ असा असून त्याची रूपे सर्वनामाप्रमाणे चालतात. त्यामुळे जसे ‘सर्वे’ तसे ‘विश्वे’, आणि ‘विश्वे देवाः’ म्हणजे सगळे देव. ऋग्वेदाच्या पहिल्याच मंडलातील तिसऱ्या सूक्तात त्यांना असे एकत्र बोलावले आहे. पुढे मात्र हे समूहवाचक नाव आकसत जाऊन ठरावीक देवांच्या एका गणाचे झाले, ही गोष्ट त्या चर्चेत राहून गेली आहे.

हा बदल श्राद्धविधीत स्पष्ट दिसतो. तेथे विश्वेदेवांच्या जोड्या ठरलेल्या आहेत: पार्वणश्राद्धात (अमावास्येसारख्या पर्वदिवशीच्या श्राद्धात) पुरूरव व आर्द्रव, तर नांदीश्राद्धात (मंगलकार्याआधीच्या श्राद्धात) सत्य व वसु. ‘सर्व देव’ असा अर्थ कायम राहिला असता, तर अशी जोडी निवडण्याचे कारणच उरले नसते. जेवणापूर्वी शिजवलेल्या अन्नाची आहुती देण्याच्या ‘वैश्वदेव’ या विधीचे नावही याच शब्दावरून आले आहे, आणि उत्तराषाढा नक्षत्राची देवताही विश्वेदेवच आहेत.